तिसरा कप्पा

सकाळी साडेदहाला फोटो साठवायच्या पेटीतली एक डिस्क गेली आणि मालक भगवानरावांनी हाक मारली ती सारिकाला. कडूबाच्या पोटात तिथूनच दुखायला लागलं.

अकरा वर्षं झाली होती त्याला मोताळ्याच्या या फोटो स्टुडिओत. तालुक्यातली निम्मी लग्नं त्या चार डिस्कांच्या पेटीत होती, दुसरी प्रत कुठेच नाही. आणि ही धाड गावची पोरगी दिवाळीनंतर आली काय, मालकांच्या तोंडी ऊठसूट 'सारिकाले विचार' सुरू झालं काय! कडूबा काय नुसता लग्नात लाइट धरायला होता?

तिनं मालकांना नीट समजावून सांगितलं. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचा सगळा माल परत लिहून देतात. पण नवी बसवताना चुकून चांगली डिस्क बाहेर आली, तर सगळंच गेलं म्हणून समजा. भगवानराव कान देऊन ऐकत होते. कडूबाचं कधी असं ऐकलं होतं त्यांनी? मग गिऱ्हाईक आलं, तसे ते बाहेरच्या खोलीत गेले.

पडद्यावर लिहून आलं होतं, तिसऱ्या कप्प्यातली डिस्क खराब. एकावर एक चार कप्पे, प्रत्येकावर आकड्याची चिठ्ठी. तिनं कडूबाला विचारलं, "काका, या चिठ्ठ्या बरोबर हायेत ना?"

आता खरी गोष्ट एकट्या कडूबालाच ठाऊक होती. दसऱ्याला कॅमेऱ्यांसोबत पेटीचीही पूजा झाली, तेव्हा पाण्यानं जुन्या चिठ्ठ्या निघाल्या. नव्या त्यानंच डकवल्या, वरून खाली. पेटी मोजते खालून वर. महिन्याभरानं ध्यानात आलं, पण आपली चूक आपणच कशाला सांगा, म्हणून तो गप्प बसला होता.

"हाव," तो म्हणाला. "मीच लावल्या."

तिनं तीन नंबरच्या कप्प्याला हात घातला. पडू दे तोंडघशी, एकदाची जिरू दे हिची. त्या पेटीत लोकांची लग्नं होती हे त्याला कळत होतं, तरी त्याची जीभ काही हलली नाही.

अन् तिनं हात मागं घेतला. एकदा खात्री म्हणून संगणकावर काहीतरी दाबून तिनं खराब डिस्कचा दिवा लुकलुकवला. दिवा लागला दोन नंबरच्या चिठ्ठीवर. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, मग कडूबाकडे. दोन नंबरची डिस्क काढली, नवी बसवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं भरून निघालं. भगवानरावांनी पेढे मागवले आणि पहिला तिच्यापुढं धरला. तिनं तो कडूबाच्या हातावर ठेवला.

"कडूबाकाकांनी टोकलं म्हणून वाचलं, दादा. नाही तं मी चांगलीच डिस्क काढत होती."

मालकांचे डोळे भरून आले. सगळ्यांसमोर त्यांनी कडूबाला मिठी मारली. "म्हणून तं मी म्हणतो, जुना माणूस तो जुना माणूस."

अकरा वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो आज मिळाला होता. हातातला पेढा त्याला खाववेना. त्यापेक्षा पोरीनं चारचौघांत त्याचं खोटं उघडं पाडलं असतं, तर परवडलं असतं. मग तिच्यावर जळायला तरी तो मोकळा राहिला असता.