लाली

"अहो, ह्यांची लाली कुठं गेली?" प्रभाने तिन्ही पिना तळहातावर घेऊन विचारलं.

"धुतली," लक्ष्मीकांत ऐटीत म्हणाला. "तुझ्या मैत्रिणीला सांग, तिच्या आजीला सोनाराने गंडवलं होतं. पण माल अस्सल निघाला."

पिना रबियाच्या. रबिया मलेशियाची, प्रभाच्याच दवाखान्यात नर्स. तिच्याकडे बायका अंगरख्याला गळ्यापासून खाली अशा तीन सोन्याच्या पिना लावत. मधलीला फक्त टाका लावायचा होता. पण लक्ष्मीकांत कोकणातला सोनार. सोन्यावर तांबडं दिसलं की गेरू फासून कुणीतरी खोट लपवलीय, एवढंच तो लहानपणापासून शिकलेला. कुवेतमधल्या खैतानच्या आपल्या दुकानात त्याने फुकटात, अगदी प्रेमाने, तिन्ही पिना तेजाबात बुडवल्या.

प्रभा मटकन खाली बसली. "अहो, ती लालीच खूण होती. तिची आजी राजवाड्यात दाई. वाड्याच्या सोनाराने तो रंग चढवलेला. रबियाने लग्नात ह्या लावल्या की तिच्या मुलीच्या सासरी ती लाली बघूनच कळणार होतं, कुठल्या घरचे ते. लग्न बारा दिवसांवर आलंय."

लक्ष्मीकांतने गेरू लावला, हळद लावली, मोरचूद लावलं. रंग चढला तो मंगलोरी कौलाचा. परत धुतला.

शुक्रवारी रबिया आली. खरं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण आजोबांनी घडवलेली नथ इतकी हलकी, की बाई शिंकली आणि नथ शेजारच्या गावात सापडली, हे अर्ध्या खैतानला पटवलेला माणूस तो. जीभ आपल्या वाटेने निघाली.

"तेलाच्या विहिरी जळाल्या ना युद्धात, तो धूर अजून हवेत आहे, रबियाबाई. त्याने रंग सैल होतो. जरा ऊब लागली नि उडाला. एका अरबाचा तर सोन्याचा दात चांदीचा झाला."

रबिया हसली नाही. "माझीच चूक, भाई," ती तिच्या हिंदीत म्हणाली. "आजी सांगायची, हे घराबाहेर नेऊ नकोस."

त्या दिवशी लक्ष्मीकांतचा जेवणाचा डबा न उघडताच घरी परत गेला.

मुलीचं लग्न उरकून महिन्याभराने ती पुन्हा आली, थेट दुकानातल्या फोनपाशी. "विहीण म्हणते, पिना नव्या आहेत, राजवाड्याची गोष्ट बनवलेली. मुलीला रोज टोमणे मारतेय. तुम्ही सोनार आहात. धुराचं सांगा, मी तिच्या भाषेत सांगते."

फोन लागला. लक्ष्मीकांत फोनजवळ सरकला.

"सांगा, पिना राजवाड्याच्याच. लाली मी धुतली. मला वाटलं, खोट लपवलीय."

रबियाचा हात रिसीव्हरवर आवळला.

"आणि धुराची गोष्ट खोटी, तेही सांगा."

मग एकेक वाक्य सावकाश, आवाज न चढवता, तिने पलीकडे पोचवलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"विचारते, असला सोनार मला कुणी सुचवला," रबिया म्हणाली. "प्रभाचं नाव मी घेणार नाही."

तिने फोन ठेवला. पर्समधून पुडी काढली आणि नर्सच्या पांढऱ्या कोटावर तिन्ही पिना एकाखाली एक लावल्या. लक्ष्मीकांतने लगबगीने गिऱ्हाइकांचा आरसा पुढे धरला. तिने त्यात पाहिलं नाही. मान ताठ ठेवून ती उन्हात निघून गेली. तो आरसा धरून उभाच होता.