सहा महिन्यांची मुदत

जिव्याचं उजवं मनगट फौजदारानं गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मोडलं. ज्या सागासाठी मारलं तो दुसऱ्याच कोणी तोडला होता, हे पुढं कबूल झालं. पण मनगट वाकडंच जुळलं. कोयता धरता येईना. संस्थान असतं तर राजवाड्यापुढं जाऊन बसलो असतो, असं तो म्हणायचा. विलीनीकरणाला आता सहा वर्षं झाली होती. म्हणून बायकोला, सुकीला घेऊन तो सूर्यमाळहून चालत जव्हारला आमच्याकडे आला. आमचे हे वकील. भरपाईच्या दाव्याआधी द्यायची नोटीस मी माझ्या हातानं लिहिली. यांनी सही करून ती पाठवायची, एवढंच राहिलं होतं.

त्यानंतर दोघं दर महिन्याला यायची. हे आतूनच म्हणायचे, वरून चौकशी चालू आहे, थांबायला सांग. मी ओटीवर येऊन तसं सांगायची. पावसाळाभर पाळण्यातल्या विनूला ताप येत-जात होता, माझं अर्धं लक्ष त्याच्या श्वासाकडे. जिव्याचा वकिलांवर भरवसा नव्हता. सुकी त्याला दटावायची, "तान्ह्या पोराची आई खोटा कशाला बोलंल?"

दसऱ्यानंतर यांचं टेबल आवरताना खणात नोटीस सापडली. बिनसहीची. पोलीस कायद्याचं पुस्तक वरच होतं. उभ्याउभ्याच वाचलं: कामाच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा लावायचा तर सहा महिन्यांच्या आत, नाहीतर तो फेटाळायचा. कॅलेंडर काढून मोजलं. अकरा दिवस वर गेले होते.

यांनी नाकारलं नाही. सरकारी वकिलाची जागा निघतेय, त्याआधी पोलिसांचं मत विचारतात, म्हणाले. मग पाळण्याकडे बघून, "याच्यासाठीच ना सगळं?"

मी विनूला उचलून घेतलं आणि आतल्या खोलीत गेले. माझ्या अक्षरातला तो कागद इतके महिने यांच्या हाताखाली होता, आणि रोज जेवताना आम्ही बोलत होतो.

बाजारच्या दिवशी दोघं आली. हे मागच्या दारानं निघून गेले. विनूला कडेवर घेऊन मी सगळं सांगितलं: मुदत संपली, आता कुठलंच कोर्ट दावा घेणार नाही, नोटीस यांनी मुद्दाम दाबून ठेवली.



"वकील कवा बोलला आमच्याशी, बाय?" जिव्या म्हणाला. "थांबाय तूच सांगलास."

सुकी दर वेळी विनूच्या कपाळाला हात लावून बघायची. त्या दिवशी तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.