घाटमाथ्यावरच्या हॉलची जमीन

अर्ज माझ्याच हाताचा होता, हे आधीच सांगितलेलं बरं.

आमची छावणी लहान. बुलढाण्याच्या घाटाच्या डोक्यावर चाळीसेक क्वार्टर, एक दवाखाना, एक छोटं मंदिर आणि परेडचं मैदान. यांचं युनिट सीमेवर गेलं तेव्हा आम्ही बायकामुलं आणि राखणीला थोडे जवान इथं मागं राहिलो. लोक म्हणतात बुलढाणा थंड. माझं माहेर शेगावचं, म्हणून मी सांगू शकते की शेगावपेक्षा थंड, एवढंच. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडता येत नाही. दोन खोल्यांत कोंडलेली मुलं दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसायची.

परेडच्या मैदानामागं इंग्रजांच्या वेळचा एक लांबलचक हॉल होता. त्यात मोडक्या खाटा आणि जुने तंबू भरलेले. तो कुटुंबांसाठी खेळायला मिळावा असं आम्ही बायकांनी ठरवलं. सुभेदार हिंमतरावांच्या मंडळी कलाबाई पलंगावर पाय दुमडून बसून सांगत होत्या आणि मी लिहीत होते. टेबल टेनिस, कॅरम, दोन कूलर, लहान मुलांसाठी गाद्यांचा कोपरा.

"अन् जमीन नवी पाहिजे, लिही," कलाबाई म्हणाल्या. "त्या फळ्या कुई-कुई करतात. चकचकीत फरशी टाका म्हणा."

मी लिहिलं. 'जुनी लाकडी जमीन काढून नवीन फरशी बसवण्यात यावी.' खाली सदतीस बायकांच्या सह्या झाल्या. पहिली माझी.

अर्ज मंजूर झाला. जवानांनी दोन दिवसांत हॉल रिकामा केला, आणि काम सुरू होईपर्यंत खेळू द्या म्हणून मुलांना आत सोडलं.

माझी मयुरी आठ वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मोठ्या इस्पितळात दाखवलं, कानातल्या यंत्राचंही पाहिलं, पण तिची कानाची शीरच तयार झालेली नाही असं डॉक्टर म्हणाले. ती शाळेत हातांची भाषा शिकते, तिच्याकडून मी शिकते. मैदानावर ती नेहमी कडेला उभी असायची. कोण आउट झालं, कोणाचा डाव आला, हे सगळं ओरडून चालायचं. तिच्यापर्यंत पोचेतो खेळ पुढं गेलेला असायचा. मग ती मातीत रेघोट्या ओढत बसायची आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची.

हॉलमध्ये दुसऱ्याच दिवशी मला काही वेगळं दिसलं. मयुरी भिंतीकडे तोंड करून बसली होती, अनवाणी, दोन्ही तळहात जमिनीला टेकलेले. मागच्या दारातून मलिहा आत आली. मलिहा म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधल्या अकीलभाईंची मुलगी, मयुरीहून दोन वर्षांनी मोठी. मयुरीनं मान वळवली नाही. नुसता हात वर करून तिनं मलिहाच्या नावाची खूण केली, वेणीचा पीळ दाखवून. मला वाटलं, योगायोग.

दिवेलागणीला अर्धा तास न बोलता, डोळे मिटून बसायचा माझा रोजचा नेम आहे. त्या दिवशी मयुरी हॉलमधून निघायलाच तयार होईना. वेळ टळू नये म्हणून मी तिथंच कोपऱ्यात मांडी घातली. आसनही नव्हतं, फळ्यांवरच बसले. डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं मला जाणवलं की माझ्या मांडीखालून पावलं जात आहेत.

खरंच सांगते, कान बंद केल्यासारखे झाले आणि जमीन बोलायला लागली. एक पाऊल हलकं, टपटप, मध्येच उडी मारणारं. एक ओढत चाललेलं. लांब दाराशी कुणी जड माणूस आलं आणि थांबलं, तेही कळलं. मला हे फक्त अस्पष्ट, धुक्यातून दिसावं तसं कळत होतं. माझ्या लेकीला ते रोज, लख्ख कळत होतं. नेम पूर्ण झाला. मी फळ्यांवर डोकं टेकवलं आणि उठले.

दोनच दिवसांत मलिहानं आपली युक्ती काढली. कुणाचा डाव आला की पाय आपटायचा, एकदा म्हणजे मलिहा, दोनदा म्हणजे मयुरी. आउट झालं की तीनदा. माझी मुलगी आता मधोमध खेळत होती. घामाघूम होऊन घरी येत होती आणि झोपेतही हसत होती.

आणि गुरुवारी फरशीचा ट्रक आला.

फळ्या उपसायला नांदुऱ्याचे बशीरचाचा आले होते. साठी ओलांडलेले सुतार, कानामागं पेन्सिल. सोमवारी काम सुरू करायचं, खाली मुरूम भरायचा, त्यावर काँक्रीट आणि त्यावर फरशी. मी कलाबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"अवो जयमाला, आता?" त्या म्हणाल्या. "तूच लिवलं ना! ट्रक खाली झाला."

"तुम्ही सुभेदारसाहेबांना सांगा ना."

"म्या कायले सांगू? पोट्टी तुही आहे. अन् तू देवाच्या कानात बोलल्यावानी बोलतं. सायबासमोर जरा मोठ्यानं बोलजो, देव नाही तो."

मी आधी बशीरचाचांकडे गेले. त्यांनी दाराजवळची एक कुजकी फळी काढली होती आणि पालथं पडून आत टॉर्च मारत होते.

"ये बाई, पाह्य तरी," ते म्हणाले. "असं काम आता कोणी करून राह्यलं नाही."

मी वाकून पाहिलं. खाली हातभर पोकळी होती. त्या अंधारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सागाच्या तुळया ओळीनं टेकवलेल्या, कुठं खिळा नाही, खाचेत खाच बसवलेली. शंभर वर्षांवर झाली असतील, पण जळमटंसुद्धा नव्हती. वारा खेळता राहावा म्हणून भिंतींना खाली बारीक झरोके ठेवलेले. मला देवळाच्या गाभाऱ्यात डोकावल्यासारखं झालं.

"सातपुड्याचा साग दिसते," चाचा म्हणाले. "इंग्रज लोक नाचाले वापरत असतील हा हॉल. पाय थकू नये म्हणून जमीन अशी लवती ठेवेल आहे." त्यांनी हातोडीच्या दांड्यानं फळी वाजवली आणि कान लावला. "हे तोडाले माहा हात धजत नाही, बाई. पण मी तर रोजंदारीचा माणूस. बोलाचं तर तुले बोला लागीन."

शनिवारी मेजरसाहेब पाहणीला आले. राजस्थानकडचे, शांत स्वभावाचे. हिंमतरावांनी नकाशा उलगडून दाखवला. सगळ्या बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. मी पुढं झाले आणि म्हणाले की ही जमीन काढू नका.

"क्या कहा?" मेजरसाहेबांनी विचारलं.

मी पुन्हा म्हणाले. मागून कलाबाई कुजबुजल्या, "मोठ्यानं!" मग मी एका दमात सगळं बोलले, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मुलीला ऐकू येत नाही. ती या फळ्यांवर ऐकते. अर्ज मी लिहिला, चूक माझी.

हिंमतराव माणूस चांगला. पण त्यांनी मान हलवली. "ताई, दाराजवळ फळ्या कुजल्या. परवा मलिहाचा पाय आत गेला. उद्या एखाद्याचं हाड मोडलं तर जबाबदार कोण? तुम्ही का मी?"

 ते खरंच होतं.

"तुम्ही एकदा तिला पाहा तरी," मी म्हणाले. "पाठमोरी बसवते. आत किती जण आले ते ती सांगेल."

मेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मयुरीकडे पाहिलं. "ठीक है. दिखाओ."

मयुरीला मी खुणांनी समजावलं आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. डोळ्यांवर माझा पदर धरला. मेजरसाहेबांनी हिंमतरावांना आणि दोन जवानांना बाहेर पाठवलं आणि हातानं खूण केली. तिघं दारातून आत आले, हॉलच्या मध्यापर्यंत चालले आणि थांबले.

मी तिच्या खांद्यावर टिचकी मारली. मयुरीनं बोट वर केलं.

एक.

मी पुन्हा टिचकी मारली. तिनं ठामपणे एकच बोट दाखवलं.

कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. हिंमतराव खाली बघू लागले, त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. मेजरसाहेब अगदी हळू म्हणाले, "बेटी ने कोशिश की, बहुत अच्छा," आणि नकाशाची घडी घालायला लागले.  मी मनातल्या मनात शेगावच्या महाराजांचं नाव घेत होते, पण नाव घेऊन तीनाचा आकडा थोडाच येणार होता.

मयुरीनं माझा पदर बाजूला सारला. ती वळली, तिघांना पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिला फसवलंय. तिनं रागानं मान हलवली. एक बोट. मग दोन्ही हात फाकवून मोठ्ठा असा आकार केला आणि नाकापुढं हात लोंबवून सोंड केली. एक हत्ती. मग उठून उभी राहिली आणि चालून दाखवलं, डावा, उजवा, डावा, उजवा. पाय असे पडत होते की परेडच जणू.

बशीरचाचा एकदम हसले. हातोडी खाली ठेवून मोठ्यानं हसले.

"साहेब! पोट्टी चुकली नाही. तुमचे मानसं कदम मिळवून आले ना!"

सगळ्यांनी त्या तिघांच्या पायांकडे पाहिलं. तिघं डावा पाय पुढं, उजवा मागं, एकाच रेषेत थांबलेले. वर्षानुवर्षांची सवय. तिघं मिळून चालले की सहा पायांचे दोनच होतात, हे त्यांना कळलंही नव्हतं. जमिनीवर तीन माणसं नाही, एकच भारी माणूस चालून आला होता.

मेजरसाहेबांनी घडी घातलेला नकाशा खिडकीत ठेवला. "फिर से. इस बार कदम तोड़ के."

पुन्हा मी पदर धरला. आणि काय सांगू, त्या तिघांना वेगवेगळं चालताच येईना. दोन पावलं वेगळी पडली की तिसरं आपोआप जुळायचं. दोन्ही जवान हसू दाबत होते. कलाबाई म्हणाल्या, "अवो, बाजारात जाता तसे चाला ना!" शेवटी ते कसेबसे आपापल्या चालीनं आत आले.

तीन बोटं.

मग तिनं न विचारताच हात हलवले. पहिला बारीक, पाय टाचेवर टाकणारा. दुसरा घाईचा. तिसऱ्याचं तिनं चालून दाखवलं. डावा पाय नीट, उजवा टेकायच्या आधी जरासा अडतो, मग हळूच खाली येतो. गुडघ्यावर हात ठेवून तिनं तोंड वाकडं केलं. दुखतंय.

हिंमतरावांचा हात आपोआप उजव्या गुडघ्याकडे गेला.

"काऊन हो?" कलाबाई पुढं आल्या. "गुडघा दुखते? मले काऊन नाही सांगितलं?"

"तुले सांगितलं असतं तर साऱ्या छावणीले कळलं असतं."

"आता कोनाले कळ्याचं राह्यलं?"

सगळे हसले. मेजरसाहेब हसले नाहीत. ते वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. मोजे काढून बुटात ठेवले.  एवढा मोठा अधिकारी अनवाणी, चवड्यांवर, श्वास धरून भिंतीच्या कडेनं चालू लागला. मला, कान धड असून, त्यांच्या पावलाचा आवाज आला नाही. मुलंही चिडीचूप होती.

मयुरीला मी पुन्हा बसवून पदरानं तिचे डोळे झाकले होते. तिचा चेहरा हळूहळू वळू लागला. साहेब उजवीकडे सरकले तशी तिची हनुवटी उजवीकडे सरकली. ते थांबले, ती थांबली. ते मागं फिरले, तीही फिरली. जणू एखादा दोरा त्यांच्या टाचेला बांधलाय आणि दुसरं टोक तिच्या कपाळाला.  ही माझ्या पोटची मुलगी, आठ वर्षं मी हिला काय काय येत नाही ते मोजत आले, आणि हिच्या आत हे एवढं भरलेलं होतं.

साहेब तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिनं एक बोट वर केलं आणि मग आपल्याच खांद्यावर दोन बोटं टेकवली. खांद्यावर बिल्ले असलेला.

 साहेब खाली बसले आणि फळीवर स्वतःचा तळहात ठेवून पाहिला.

फळ्या राहिल्या. पण हिंमतरावांचंही खरं होतं, म्हणून दाराजवळच्या कुजक्या पट्ट्यात फरशी बसली आणि टेबल टेनिस तिथं गेलं. उरलेली फरशी दवाखान्याच्या व्हरांड्यात लागली. बाकी जमीन बशीरचाचांनी तीन आठवडे दुरुस्त केली. ते फळी बसवायचे, मयुरी तळहात टेकून बसायची आणि ढिली असेल तर नाक मुरडायची. "माहा कान फसते, इचा हात फसत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. काम संपलं तेव्हा जाताना त्यांनी तिला आपली कानामागची पेन्सिल दिली.

हॉल सुरू झाला त्या दिवशी दुपारी तीस-चाळीस मुलं आत होती. कूलरचा आवाज, कॅरमचा आवाज, बायकांचा गलका. जेवायची वेळ झाली म्हणून मी मयुरीला न्यायला गेले. ती पार दुसऱ्या टोकाला, पाठमोरी, मलिहाच्या घोळक्यात. नेहमी मी जवळ जाऊन खांद्याला हात लावते. आम्हाला पाय आपटायचं लहानपणापासून वळण नाही. घरात पाय आपटला की आई रागवायची, लक्ष्मी निघून जाते म्हणायची. मी चपला काढल्या. मनात क्षमा मागितली आणि पाय दोनदा आपटला.

इतक्या पायांच्या गर्दीत, चाळीस पावलांवरून, माझी मुलगी वळली.

आठ वर्षांत पहिल्यांदाच मी तिला हाक मारली होती आणि तिनं ओ दिली होती. माझे डोळे भरून आले. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, लांबूनच हात हलवून विचारलं, काय आहे? आणि मी काही सांगायच्या आत तिनंच सांगून टाकलं, थांब ना आई, माझा डाव आहे. आणि पुन्हा पाठ फिरवली.