हाड वाजलं

"हात कायकू रुक्या गे?" हुसेनबीनं आतून विचारलं.

रत्नम्मा अंगणात पाट्यापुढं उकिडवी बसली होती. एका हातात टाकी, दुसऱ्या हातात हातोडी. झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाके मारून पुन्हा खरखरीत करायचं काम अर्ध्यावर आलं होतं. टाकीचा आवाज थांबला की घरातली बाई बाहेर येतेच, हे तिला वीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. म्हणून तर तिनं तो थांबवला होता.

"भाबी, एक इचारू का?"

"पूछ."

"तुमच्या सासऱ्याला दात न्हाईत. मग मटण कसं खात्यात वो त्ये?"

"खाते क्या, निगलते." हुसेनबी पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. "कच्ची पपई लगाती मैं. सुपारी इत्ता टुकडा घिसने का, गोश्त कू मलने का, एक घंटा रखने का. मुँह में डाले तो खलास."

"आन बरगडी आसली तर? हाडाचं?"

"वो बी वैसाच. पन घंटे के उप्पर नक्को रख. शिरा होता गोश्त का."

बोलता बोलता हुसेनबीनं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. रत्नम्मा शहराबाहेरच्या, खाणीजवळच्या वडारांच्या वस्तीतली होती हे तिला ठाऊक होतं. त्या वस्तीत कशाच्या बरगड्या शिजतात तेही ठाऊक होतं. ती परसात गेली, झाडाची एक कच्ची पपई तोडून आणली आणि रत्नम्माच्या पाटीत वरून सोडली.

"मैं पूछती नै," ती म्हणाली, "तू बोल नक्को."

रत्नम्मानं मान खाली घालून उरलेले टाके मारून टाकले. त्या दिवशी हुसेनबीच्या पाट्याला चार टाके जास्तच पडले असतील.

सोलापुरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांची रत्नम्माला खडान्‌खडा माहिती होती, आणि त्यातल्या एकातही ती कधी आत गेलेली नव्हती. कोणी अंगणात बसवी, कोणी परसात, कोणी थेट रस्त्यावर. पण पाटा पुढ्यात आला की घर तिच्याशी बोलायला लागे. कुठं शेंगांची चटणी रोज वाटली जाते, कुठं आलं-लसणाला हात लागत नाही, कुठं सून आल्यापासून वाटणच थांबलंय. एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरून मागच्या पंधरवड्यात तिला कामावर खुशाली म्हणून लोटाभर काकवी मिळाली होती, ती तिनं फडक्यानं तोंड बांधून जपून ठेवली होती. कशासाठी, ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

आता पपई कशासाठी हवी होती, ते सांगायचं तर तिच्या नवऱ्याच्या तोंडापासून सुरुवात करायला हवी.

दिवाळीनंतर खाणीत एका दगडाखालची पहार उलटली आणि रुद्रप्पाच्या समोरच्या दातांच्या दोन्ही ओळी घेऊन गेली. मागच्या दाढा तंबाखूनं आधीच नेल्या होत्या. तेव्हापासून रुद्रप्पा तोंडाभोवती उपरणं गुंडाळून हिंडे आणि कोणी विचारलं तर "दाढ ठणकतीया" म्हणे. ठणकायला तोंडात एकही दाढ उरलेली नाही हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. तरी सगळी वस्ती रोज सकाळी त्याला "दाढ कशी हाय?" असं अगत्यानं विचारी.

हेही चाललं असतं. पण त्यांच्या लेकीची, सिद्धम्माची, टेंभुर्णीहून सोयरीक आली.

त्यांच्या वस्तीत सोयरीक जुळली असं कोणी म्हणत नसे. हाड वाजलं, असं म्हणत. डुकराच्या दोन बरगड्या शिजवायच्या. एक मुलीच्या बापानं खायची, एक मुलाच्या आज्यानं. चारचौघांसमोर खायची आणि साफ झालेलं हाड काशाच्या ताटात टाकायचं. साफ हाड टण्ण वाजतं. मांस राहिलेलं हाड थप्प करून पडतं. थप्प झालं म्हणजे खाणाऱ्याच्या मनात काहीतरी राहिलं. मग पाहुणे पाणी पिऊन उठतात.

सहा वर्षांपूर्वी श्रीमंत नावाच्या शेजाऱ्याच्या पोरीच्या वेळी असंच झालं होतं. हाड पडलं. कोणी म्हणालं वाजलं, कोणी म्हणालं न्हाय. रुद्रप्पा पंचांत बसला होता. त्यानं डोळे मिटून सांगितलं, "थप्प." सोयरीक मोडली. पोरीचं पुढं दुसरीकडं बरं झालं, पण श्रीमंतनं त्यानंतर रुद्रप्पाकडं तंबाखू मागितली नाही.

"मला कावीळ झालीया म्हनून सांगू," रुद्रप्पानं सोयरीक आली त्या रात्री सुचवलं होतं. घरातलं बोलणं वडारीत चाले. भांडण मात्र दोघं मराठीत करत, कारण ती भाषा शहराची, आणि तिच्यात भांडायला जोर येतो.

"कावीळ झाल्यावर मानूस पिवळा हुतो. तुमी काळंच हाय की."

"मग हाडमोडी ताप."

"मग लगीन फुडल्या साली. तवर टेंभुर्णीचा पोरगा दारात दगुड फोडत बसंल व्हय?"

रुद्रप्पा उपरण्यातून म्हणाला, "श्रीमंतच्या वक्ताला मीच म्हनलो थप्प. आता माझंच थप्प झालं तर मी कंच्या तोंडानं बसू?"

रत्नम्मानं एक बरगडी आणून दिवसभर रटरटवून पाहिली होती. रुद्रप्पानं हिरड्यांनी ती ओढून पाहिली. बरगडी होती तशीच राहिली, हिरडी मात्र फाटली. ते रक्त पाहूनच तिनं ठरवलं होतं की या कामाला बिनदाताचा म्हातारा असलेल्या घरचाच सल्ला हवा.

सिद्धम्मा या सगळ्यात काही बोलत नव्हती. टेंभुर्णीचा पोरगा मागच्या उन्हाळ्यात विहीर बांधायला इकडं आला होता तेव्हा तिनं त्याला पाहिलं होतं. त्यावरही ती काही बोलली नव्हती. पण पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून तिनं दारापुढच्या वाटेवरचे खडे तीनदा वेचले. खाणीशेजारच्या वाटेवरचे खडे.

पाहुणे मोटारीनं बाराला पोचायचे होते. गिरणीचा अकराचा भोंगा झाला तशी रत्नम्मानं सुपारीएवढी पपई पाट्यावर वाटली, मिठात कालवली आणि बरगड्यांना चोळली. एका तासाचा हिशेब अगदी बरोबर होता. पाहुणा दारात आल्याशिवाय त्या हंडीखाली जाळ घालायचा नाही, ही रीत. आल्याबरोबर जाळ घालायचा, म्हणजे त्याला धूर दिसतो आणि आपल्यासाठी चूल पेटली हे कळतं.

बारा वाजले. एक वाजला. श्रीमंत रुद्रप्पाच्या दारातल्या लिंबाखाली येऊन बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि उठही म्हणालं नाही. दोन वाजता रत्नम्मानं बरगड्या धुऊन काढल्या. पण पपई वरून धुतली गेली तरी आत मुरलेली काय निघते?

चार वाजता पाहुणे आले. मोहोळजवळ मोटारीचं चाक बसलं होतं. पुढं मुलाचा आजा येडू, काठी टेकत. त्याच्या मागं मुलाची आत्या बाळाबाई, जिच्या कपाळावरच लिहिलेलं होतं की इथं काहीतरी चुकणार आहे आणि ते ती पाहणार आहे.

जाळ घातला. तासाभरानं रत्नम्मानं हंडीवरचं झाकण काढलं. मांस एकीकडं तरंगत होतं, हाडं तळाशी.

सिद्धम्मानं वाकून पाहिलं. "अम्मा," ती म्हणाली, "हाडं आत्ताच साफ झाली."

बाहेर बाळाबाईचा आवाज आला, "काय वो, डुक्कर आजून पळतंय का काय?"

रत्नम्मानं एकदा डोळे मिटले. पाहुण्यांपुढं उघडी हाडं नेऊन ठेवता येत नव्हती, आणि मांस हाडाला चिकटवायचं म्हणजे... आणि इथं ती थांबली. चिकटवायचं. तुटलेल्या जात्याचे, फुटलेल्या वरवंट्याचे किती तुकडे तिनं आजवर लाख तापवून बसवून दिले होते.

"पोरी, त्यो काकवीचा लोटा आन. आन मागली पातळ फरशी निखाऱ्यावर टाक."

काकवीत चिंचेचा कोळ, लसूण आणि काळं तिखट घालून तिनं ती उकळत ठेवली. बोटांत धरून तार येते का पाहिलं. मांसाचे तुकडे एकेका बरगडीवर हळूच बसवले, जसे दगडाचे कपचे बसवतात तसे, तोंडाला तोंड लावून. वरून काकवीचा हात फिरवला. बरगडी तापल्या फरशीवर ठेवली. चर्र झालं. काकवीनं मांसाला हाडाशी धरून ठेवलं. उलटवून पुन्हा हात, पुन्हा चर्र. तिसऱ्या हाताला बरगडी लाखी रंगाची झाली आणि अशी तकतकायला लागली की सिद्धम्माचा चेहरा तिच्यात अंधुक दिसला.

"अम्मा, धरंल का ह्ये?"

"तोंडापातूर धरलं म्हंजी झालं. फुडं तुझ्या बापाचं काम."

काशाचं ताट बाहेर आलं तेव्हा सगळ्यांच्या आधी बाळाबाईनं मान पुढं काढली.

"अगं बया. ह्ये मटण हाय का बांगड्या?"

"बांगड्या बी भरायच्याच हायत की फुडं," रत्नम्मा म्हणाली.

लिंबाखालचा श्रीमंत ताटाच्या अगदी जवळ सरकून बसला आणि त्यानं कान तिकडं केला.

पहिली बरगडी येडूनं उचलली. त्याचे दात शाबूत होते, पण त्यांना काही कामच लागलं नाही. त्याची भुवई वर गेली. तो चाखत राहिला.

"गोड हाय," तो शेवटी म्हणाला.

गोड मटण त्या वस्तीत कोणी कधी केलं नव्हतं.

"गोड हाय, आन मागनं तिखट लागतंय." येडूनं बोट चाटलं. "आमच्या म्हातारीवानी."

लोक हसले. हाड ताटात पडलं. टण्ण.

आता रुद्रप्पा. त्यानं बरगडी उचलली. उपरणं बाजूला सारल्याशिवाय खाता येणार नव्हतं आणि सगळ्यांनी पाहायचं हीच तर रीत. त्यानं ते सारलं. ओठ घट्ट मिटून तो क्षणभर तसाच बसला, एखाद्या मोठ्या दगडाला पहिला घाव घालण्याआधी बसावं तसा. मग बरगडी ओठांत धरली आणि हळूच ओढली.

काकवीनं शेवटपर्यंत धरलं. ओठ लागले तसं सोडलं. हाड एवढं स्वच्छ निघालं की रुद्रप्पालाच खरं वाटेना. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, तोंडातला घास जिभेनं टाळूला दाबून गिळला आणि हाड ताटात टाकलं.

टण्ण.

सगळ्यांनी श्रीमंतकडं पाहिलं. का पाहिलं ते कोणालाच सांगता आलं नसतं. श्रीमंतनं डोळे मिटले. आवाज पुरता विरेपर्यंत तो तसाच बसला, जरुरीपेक्षा जरा जास्तच.

"वाजलं," तो म्हणाला. मग रुद्रप्पाकडं न बघता त्यानं हात पुढं केला. "तंबाखू हाय का रं?"

पुढं एकच गडबड उडाली. उरलेल्या बरगड्या निघाल्या, भाकऱ्या निघाल्या, येडूनं आणखी दोन हाडं वाजवली, त्यांची काही गरज नसताना. रत्नम्मा रांजणापाशी पाणी काढत होती, तिथं बाळाबाई हात धुवायला आली.

"विहीणबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "दात कुटं गेलं इवायाचं?"

तांब्या रत्नम्माच्या हातात तसाच राहिला.

"म्या बगितलं. घास चावला न्हाय, गिळला." बाळाबाईनं हातावर पाणी घ्यायला ओंजळ पुढं केली. "वत की. आता, हाड वाजायचं ठरलं हुतं, त्ये वाजलं. दात वाजायचं कुटं ठरलं हुतं?"

रत्नम्मानं पाणी ओतलं. बाळाबाईनं हात धुतले, तोंड धुतलं, पदरानं पुसलं.

"माझा बी म्हातारा चार वर्सं झाली नुस्ता रस्सा पितोय," ती म्हणाली. "सुनंला शिकवून धाडा."

दिवस मावळायच्या आत पाहुणे मोटार गाठायला निघाले. रुद्रप्पा आणि श्रीमंत त्यांना वाटेपर्यंत पोचवायला गेले. अंगणात हाडांवरून दोन कुत्र्यांचं भांडण चाललं होतं. काकवीचे ओघळ फरशीवर काळे होऊन वाळले होते. रत्नम्मा त्या फरशीशी खाली बसली.

गेले दोन महिने तिला एकच ध्यास होता, हाड वाजावं. रोज सकाळी उठून तिनं तेवढाच विचार केला होता. हाड वाजल्यावर काय होतं, याचा विचार करायला तिला सवडच झाली नव्हती.

सिद्धम्मा हंडी घासायला घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली. पोरीचं तोंड उजळलं होतं. ते झाकायचा तिनं बराच प्रयत्न केला होता.

"अम्मा, आत्याबाई म्हनल्या, तितं करायला लागंल मला. नीट सांग की. पपई कळली. काकवी कळली. मीठ किती?"

"मूठभर."

"कुनाच्या मुठीनं?"

रत्नम्मानं पोरीचा हात हातात घेतला. राखेनं भरलेला होता. बोटं मिटवून तिनं त्याची मूठ केली, आपली मूठ तिच्या शेजारी धरून पाहिली. मग पुन्हा उघडली. पोरीच्या तळहातावर, टाकी धरायच्या जागी, घट्टा पडायला लागला होता. तो तिनं अंगठ्यानं चाचपला.

"तितं तुझ्याच मुठीनं," ती म्हणाली, आणि मूठ पुन्हा मिटवून तिच्या मांडीवर ठेवून दिली.