देव्हाऱ्यावरून आलेली बेरिंग

चिमाजी ड्रायव्हरच्या गाडीचं चाक निखळलं त्या दिवसापासून गोरक्ष ट्रक कानांनी चालवायला लागला. डोळे रस्त्यावर असायचे ते नावाला. सगळं लक्ष पुढच्या डाव्या चाकाकडं.

खरं तर चाक गेलं होतं ते चिमाजीचं. पण पेठ रस्त्याच्या घाटात गोरक्ष त्याच्या मागेच होता. पुढच्या गाडीचं चाक गाडीच्याही पुढं निघून गेलेलं त्यानं स्वतः पाहिलं. एकटंच, घाई झाल्यासारखं. वळण आलं तरी ते वळलं नाही, सरळ कठड्यावरून गेलं. खाली फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि चिमाजीची गाडी डोंगरात तोंड खुपसून थांबली. चिमाजीचं पायावर निभावलं. आता तो मखमलाबादला घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बेरिंग कशी जाते ते सांगायचा, आणि ऐकायला सगळ्यांत नेमानं जायचा तो गोरक्ष. भीतीला रोज खुराक लागतो. त्यानं तिची खानावळ लावून ठेवली होती.

गोरक्षचा ट्रक मिलिटरीच्या लिलावातला, चारही चाकांना ताकद जाणारा. पेठ-सुरगाण्याकडच्या ज्या पाड्यांवर रस्ता म्हणजे ओढ्याचं पात्र, तिथं बंधाऱ्यांच्या कामाला सिमेंट आणि पाइप हाच पोचवायचा. साधा ट्रक जिथं हात टेकतो, तिथून याचं काम सुरू. त्यामुळं गोरक्षला मान होता, आणि मान असलेल्या माणसाला 'भ्यालो' म्हणायची सोय नसते. तो म्हणायचा, "चाक जरा बोलतंय."

चाक खरंच बोलत होतं. डावीकडं वळताना गप्प, उजवीकडं वळताना घरघर.

दीपक मिस्त्रीनं जॅक लावून चाक उचललं, वर-खाली हलवून पाहिलं. "बेरिंग संपली. दोन्ही बाजूंच्या बदलू. पण माल बघून आण. डुप्लिकेट आणशील तर चिमाजीभाऊच्या शेजारी ओट्यावर बसशील. जागा हाय तिथं."

गॅरेजातले सगळे हसले. गोरक्षही हसला, फक्त त्याचा हात जॅकवरून सुटला नाही.

नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या लाइनीत ज्ञानेशशेठचं दुकान होतं. गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा ते कशाला घाबरलंय हे ज्ञानेशशेठ आधी ओळखायचे. त्यांनी काउंटरवर तीन प्रकार मांडले.

"ही परदेशी. निदान खोक्यावर तसं लिहिलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे खोक्याची हमी मी देतो. आतली कुठं जन्मली ते तिच्या आईबापाला विचारा."

"आन ही?"

"ही आपल्याकडची. साधी, सरळ. रस्त्यावरच्या गाड्या हिच्यावरच पळतात."

"मी रस्त्यावर कुठं असतो शेठ?"

"म्हणून तर ही तिसरी." ज्ञानेशशेठनं मेणकागदातलं एक जड गाठोडं पुढं सरकवलं. "मिलिटरीच्या स्टॉकातली. तुमच्या गाडीची सख्खी बहीण समजा. दगड, चिखल, पाणी, सगळं सोसेल."

गोरक्षनं तिन्ही तोलून पाहिल्या. तिसरीचा कागद उकलून घेतला, बेरिंग फिरवली आणि तान्ह्याच्या छातीला कान लावावा तशी कानाशी धरली.

"काय ऐकू येत नाय."

"चांगल्या बेरिंगचं ऐकू येत नसतं, गोरक्षभाऊ. ऐकू यायला लागली की माझ्याकडं यायचं." शेठनी कागद पुन्हा घट्ट गुंडाळला. "आता हा फोडायचा तो मिस्त्रीनं, चाक उघडल्यावर. बेरिंगला भार मारत नाही, कचरा मारतो. डोळ्याला दिसणार नाही असा कण गेला तरी लोखंड लोखंडाला खातं."

गोरक्षनं मान हलवली. पण भ्यालेल्या माणसाच्या खात्यात एका वेळी एकच नाव चढतं. तो डुप्लिकेट मालाला भ्यायला आला होता. कचऱ्याला भ्यायला त्याच्याकडं जागा उरली नव्हती.

घरी आल्यावर त्यानं ते गाठोडं आईच्या, गोजराबाईच्या, हातात दिलं. त्या घरात नवी वस्तू देव्हाऱ्यावरून गेल्याशिवाय कामाला लागत नसे. विहिरीवरची मोटर, फवाऱ्याचा पंप, गोरक्षच्या बायकोचं, रूपालीचं, शिलाई मशीन, सगळ्यांच्या कपाळी कुंकू लागलेलं. "देवापुढं ठेव," गोरक्ष म्हणाला. "जिवाची वस्तू हाय." आणि जेवून झोपला.

सकाळी पाहतो तर ताम्हणात बेरिंगा चांदीसारख्या चमकत होत्या. वर हळदकुंकू, भोवती मळ्यातली झेंडूची फुलं. त्याला फार बरं वाटलं. मिलिटरीचा माल, चमकायचाच, असं तो धरून चालला.

दीपक मिस्त्रीची रीत अशी, की बेरिंग नवी असली तरी रॉकेलमध्ये धुऊन घ्यायची. त्यानं डबा पुढं ओढलासुद्धा. मग त्याला कुंकू दिसलं. देवावरून आलेली वस्तू रॉकेलात बुचकळायला त्याचा हात धजेना. त्यानं बेरिंगांना नमस्कार केला, तळहातावर ग्रीस घेतलं आणि हळदकुंकवासकट बेरिंगांचे रोलर भरून चाकं बंद केली.

दुसऱ्या दिवशी सिमेंट भरून गाडी निघाली. पेठेपलीकडच्या पाड्यावर गोजराबाईची धाकटी बहीण बयाबाई राहायची; तिला भेटायला म्हणून म्हातारीही केबिनमध्ये चढून बसली. नाशिक मागं पडलं. चाक गप्प होतं. गोरक्ष चक्क शीळ घालायला लागला.

घाटाचं पहिलं वळण उतरताना तो म्हणाला, "बघ आई, कशी गप चाललीय."

"चालंल नाय तर काय? तुझ्या शेठनं कसला माल दिला रे, नुसता चिकट नि काळा. तसला का देवापुढं ठेवायचा? मी चिंच लावली नि रांगोळीनं घासल्या. फटीफटीत बोट घालून घासल्या. ताम्हणाहून लख्ख निघाल्या."

शीळ थांबली.

"रांगोळीनं?"

"मग? राखेनं कुठं एवढं चकाकतं?"

रांगोळी म्हणजे दळलेला दगड. ज्ञानेशशेठचं ते कचऱ्याचं बोलणं गोरक्षला आता शब्दान् शब्द ऐकू आलं. त्याच्या तळव्यांना घाम सुटला, स्टिअरिंग निसटायला लागलं. डावीकडं कठडा, कठड्यापलीकडं फक्त शेंडे. मागं एसटी हॉर्न देत होती. इथं थांबायला जागा नाही, पुढच्या वळणाला थांबू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते वळण आल्यावर त्याच्या पुढच्या वळणाचं सांगितलं. थांबलं की आई 'का' विचारणार, आणि त्या 'का'ला द्यायला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, तेच अवघड होतं.

मग चाक बोललं. घासात खडा यावा तसं आधी कचकन, मग सारखंच. स्टिअरिंगमधून बारीक थरथर त्याच्या कोपरापर्यंत चढली. मागं वळून न पाहणारं ते चिमाजीचं चाक त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि या वेळी त्या चाकामागच्या गाडीत आई बसलेली होती.

"काय तरी करपतंय," गोजराबाई नाक वर करून म्हणाली. "हळद करपल्यावानी."

गोरक्षनं आता पुढच्या वळणाची वाट पाहिली नाही. रस्ता जरा रुंद दिसला तशी गाडी डोंगराच्या अंगाला घातली, चाक गटारीत उतरवलं, खाली उतरून दगड लावले. बेरिंग बसते त्या हबला बोट लावलं नि झटकन मागं घेतलं. चामडी चिकटली होती.

"आई, उतर."

"का?"

"उतर म्हणतो ना. मागून एसटी येतीय, तिच्यातनं जा मावशीकडं. मी येतो हळूहळू."

गोजराबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्या तोंडावरचं तिला लहानपणापासून वाचता येत होतं. "मला उतरवून तू गाडी खाली नेणार, आन मी दुसऱ्या गाडीतनं बघत जाऊ? नाय उतरत जा."

आणि तिनं दाराची कडी आतून धरून ठेवली.

गोरक्षच्या मनात अगदी तेच होतं, सावकाश एकट्यानं खाली न्यायची. आता ते जमणार नव्हतं. नाशिककडं जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ त्यानं दीपकसाठी निरोप दिला आणि दोघं मायलेकं कठड्यावर बसून राहिली.

दीपक मोटारसायकलवरून आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पिशवीत नव्या बेरिंगा, ज्ञानेशशेठकडच्या साध्या सरळ, मेणकागदातल्या. त्यानं डावं चाक उघडलं. रोलर निळे पडले होते, अंगभर ओरखडे. ग्रीस राखेच्या रंगाचं झालेलं. ते त्यानं बोटांत चोळलं, करकर वाजलं. त्यानं गोरक्षकडं पाहिलं, गोरक्षनं त्याच्याकडं. दोघांनाही कळलं, आणि दोघांनीही तोंड मिटलं. रॉकेलचा न वापरलेला डबा दीपकच्या नावावर होता.

"कशानं झालं रे?" गोजराबाईनं विचारलं.

"माल असतो मावशी एकेक," दीपक हबमध्ये बघत म्हणाला.

"बघतेच त्या शेठकडं! भर दुकानात काढते त्याची!"

इथं सगळ्यांचंच भागत होतं. आईचं मन राहत होतं, मिस्त्रीचं नाव राहत होतं, आणि ज्याच्यावर बालंट आलं तो दूर द्वारकेजवळ चहा पीत बसला होता. गोरक्षनं ते तसंच जाऊ दिलं असतं. पण गोजराबाईनं नव्या बेरिंगांची पिशवी उचलली आणि रस्त्याकडेच्या ओहळाकडं निघाली.

"ह्या पण तेलकटच दिसतायत. थांबा, मातीनं घासून देते."

"नको!"

गोरक्ष इतक्या जोरात ओरडला की कठड्यावरची माकडं पळाली. म्हातारी जागच्या जागी उभी राहिली.

"आई, रांगोळीनंच गेली ती. दगड असतो तो. रोलरात बसला."

गोजराबाईनं पिशवी खाली ठेवली. स्वतःच्या हातांकडं पाहिलं. "माझ्या हातानं?"

"मी पण नाय धुतली, मावशी," दीपक पुटपुटला. "कुंकू होतं ना."

"आन मला कोणी सांगायचं नाय?"

गोरक्षनं आपली भीती चिमाजीला सांगितली होती, मिस्त्रीला सांगितली होती, दुकानात जाऊन शेठला दाखवली होती. घरात मात्र 'देवापुढं ठेव' एवढंच.

दीपकनं दोन्ही चाकांचे हब रॉकेलनं पुन्हा पुन्हा धुतले. उजवीकडची बेरिंगही खरवडलेली निघाली. ती तापायची बाकी होती एवढंच. मेणकागद फोडताना गोजराबाई लांब जाऊन उभी राहिली, हात पाठीमागं बांधून, धूळसुद्धा उडू नये म्हणून पाऊल न हलवता. अंधार पडायच्या आत गाडी निघाली. दीपक मोटारसायकलवर मागं.

म्हातारीनं पुढची कांब दोन्ही हातांनी धरली होती.

"हा कसला आवाज?"

"गिअरचा."

"आन हा?"

"मागं फाळका हलतोय."

"आन हा?"

गोरक्षनं कान दिला. हा त्याला आलाच नव्हता.

"थांबव," गोजराबाई म्हणाली.

त्यानं गाडी कडेला घेतली, उतरून हबला हात लावला. "कोमट हाय."

"कोमट म्हंजे बरं का वाईट?"

"बरं."

"सरक. बघू दे मला."

पदर खोचून ती खाली उतरली. ताप बघायला कपाळावर ठेवावा तसा तिनं हबवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग उजव्या बाजूला गेली, तिथंही ठेवला.

"चल," ती केबिनमध्ये चढत म्हणाली. "पण पुढच्या वळणाला परत थांब."

"थांबणारच होतो," गोरक्ष म्हणाला आणि त्यानं पहिला गिअर टाकला.