गुडघ्याने उघडणारा दरवाजा

मित्रांनो, मी एका लाँड्रीचा जुना दरवाजा आहे. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं तेव्हा... पण बालपण राहू द्या. बाहेर एक मुलगी ताटकळतेय. तिचा कोट आत आहे आणि अकराला तिची नोकरीची मुलाखत आहे. सव्वादहा वाजलेत.

तर, माझ्या पोटातलं कुलूप. वीस वर्षांत ते इतकं हट्टी झालं की नुसत्या किल्लीला दाद देईना. त्याची मर्जी सांभाळता सांभाळता लाँड्रीवाल्या काकांची एक कवायतच बसून गेली. शेजारच्या न्हाव्याशी गप्पा मारत ते मला रोज उघडत. लोक म्हणत, काकांच्या हाताला गुण आहे. हातालाच होता. डोक्याला त्याचा पत्ता नव्हता.

काल काका जिन्यावरून पडले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. म्हणून आज किल्ली काकूंच्या हातात.

"सांगा, कसं उघडायचं?"

"सोपं आहे गं. किल्ली घालायची, दार उचलायचं... नाही, आधी ओढायचं. की ढकलायचं?"

"मला काय विचारताय?"

"अगं, रोज करतो मी."

"रोज चहाही पिता. साखरेचा डबा कुठे असतो, सांगा बघू."

(इथे माझ्या तारुण्याचं वर्णन होतं. साडेदहा झाले, म्हणून गाळतो.)

काकांनी डावा हात लावून पाहिला. तो माझ्याशी नव्या जावयासारखा वागला. मुलगी रडकुंडीला आली. मग काकू म्हणाल्या, "काल कसे पडलात ते हिला सांगा. आणि सांगता सांगता हवेतच कुलूप उघडा."

काका जिन्याची कथा रंगवू लागले आणि प्लास्टरचा हात आपोआप चालू लागला. किल्ली अर्धी आत. दार वर उचल. गुडघ्याचा धक्का. किल्ली जरा उलटी. कान ओढ. किल्ली सुलटी.

काकूंनी त्याबरहुकूम केलं, स्वतःचा कानसुद्धा ओढला.

"कान कशाला, काकू?"

"विचारू नकोस. चुकेल माझं."

मी उघडलो. कानाचं मलाही कोडंच आहे. पावणेअकराला मुलगी एका बाहीत हात घालत पळाली.

प्लास्टर निघालं, पण कुलूप उघडताना काका तिसऱ्याच पायरीला अडले. आता त्यांना पायऱ्या माहीत होत्या ना, ते मोजत बसले. शेवटी काकूंनीच उघडलं, न्हाव्याशी बोलत बोलत.

मुलगी नोकरी लागल्याचं सांगायला आली, ती शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊनच. दोन थेंब कुलपात सोडले. वीस वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं.

आता मला बोटाने ढकललं तरी मी उघडतो. पण गुडघे ऐकतील तर ना. कालच काका माझ्यावर गुडघा मारून थेट इस्त्रीच्या टेबलापर्यंत गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वेळच्या वेळी तेल घाला. आणि एकदा घातलंत की गुडघा उचलण्याआधी नीट बघा. मी कदाचित उघडाच असेन.