गुरुवारी जेवणारा

जनकाबाई तीन महिन्यांचा कायदा मोडून आश्रमात गेली ती एका सदऱ्यापायी. भावासाठी, सहदेवसाठी, तिनं नवा सदरा शिवून घेतला होता. माप द्यायला माणूस हाताशी नव्हता, म्हणून त्याचा जुना सदरा शिंप्याकडे पाठवला. शिवून आलेला सदरा पेटीत घालून गप्प बसणं काही तिला जमेना. "तीन महिने कोणी भेटाले येऊ नका. घरचं माणूस दिसलं की हे लोक रुळत नाहीत," असं आश्रमाचे व्यवस्थापक उकंडराव यांनी भरतीच्या दिवशी बजावलं होतं. अडीच महिने तिनं कसेबसे काढले. मग एका मंगळवारी नवऱ्याला, पुंजाजीला, "शेगावले दर्शन करून येते" असं सांगून ती वडनेर भोलजीहून एसटीत बसली. ते खोटं नव्हतं. दर्शन तिनं घेतलंच, पण पाया पडताना पिशवीतला सदरा चुरगळत तर नाही ना, एवढंच डोक्यात होतं.

सहदेव बत्तीस वर्षांचा होता. अंगानं थोराड आणि अकलेनं पाच-सहा वर्षांचा. आई तानाबाई जिवंत होती तोवर कोणाला त्याची झळ लागली नाही. तिनं त्याला अंघोळ शिकवली, धोतर नेसायला शिकवलं, विहिरीवरून पाणी आणायला शिकवलं. लग्नाच्या पंगतीत तर तो असा गुमान बसायचा की बायका आपल्या दांडगट पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "पाह्य, तो पाह्य कसा बसला!" तानाबाई गेली आणि जनकाबाईनं त्याला आपल्या घरी आणलं. आठ महिने तो राहिला. मग तिच्या थोरलीला पाहायला पाहुणे आले. ओसरीवर बसलेल्या सहदेवनं त्यांना हसून रामराम केला. पाहुणे चहा पिऊन गेले आणि त्यांचा निरोप काही आला नाही. पुंजाजी माणूस वाईट नव्हता. पण दुसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा तो कोणाला न विचारता आश्रमाची चौकशी करून आला. अशा मोठ्या माणसांना सांभाळणारी दुसरी जागा त्या काळी अख्ख्या जिल्ह्यात त्याला ठाऊक नव्हती. महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, गावोगावी शाळा निघत होत्या. पण शाळेचं वय सरलेल्या भोळ्याचं काय करायचं, हे कोणाच्याच कागदावर नव्हतं.

भरतीच्या दिवशी उकंडरावांनी विचारलं होतं, "फिट येते? अंगावर धावते? बिडी-तमाखू?" जनकाबाईनं तिन्हीला नाही म्हटलं.

"आणखी काही सवयी? खाण्यापिण्याच्या?"

"काहीच नाही भाऊ. ताटावर बसवलं की गुमान बसते. काडीचा तरास नाही त्याचा."

यापुढं एक अक्षर ती बोलली नाही. फार सांगत बसलो तर हे लोक घ्यायला नकार देतील, ही तिला धास्ती होती. पुंजाजीनं सही केली आणि दोघं परत आले.

शेगावजवळच्या त्या आश्रमाच्या फाटकावर गुलजार नावाचा रखवालदार बसला होता. "आज भेटीचा वार नाही, बाई," तो म्हणाला. तिनं पिशवीतून सदरा काढून दाखवला. "एवढा अंगात घालून पाहते आन जाते." गुलजारनं सदऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "जेवणं चालू हायेत. पडवीत उभ्या राहा," म्हणून त्यानं कडी काढली.

पडवीला लागून लांबलचक खोली होती. फरशी धुतलेली, भिंतीला चुना, कोपऱ्यात उदबत्ती. जनकाबाईला बरंच वाटलं. खोलीत चाळीसेक माणसं दोन ओळींत भिंतीला पाठ लावून बसली होती. सगळ्यांची डोकी भादरलेली आणि सगळ्यांच्या अंगात एकाच ताग्यातले सदरे. ती आत शिरून एकेक चेहरा पाहत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सहदेव नव्हता. आजारी आहे की काय, दवाखान्यात नेला की काय, असं म्हणत ती परत फिरली, आणि परत येताना तिला दोन हात दिसले. मांडीवर पालथे ठेवलेले, बोटं जुळवलेली. चेहरा तिच्या भावाचा नव्हताच. गालाची हाडं वर आलेली, मान काटकुळी, डोळे खोल गेलेले. पण असे हात ठेवून बसणारा माणूस जगात एकच होता. त्याच्यासमोरून ती नुकतीच चालत गेली होती!

ती तिथंच थांबली.

सहदेवसमोर ताट होतं. ज्वारीची अख्खी भाकरी, वाटीत वरण, थोडी भाजी. कशालाच हात लागलेला नव्हता. त्याची नजर मात्र ताटावरून हलत नव्हती, आणि हनुवटीवरून लाळेची धार सदऱ्यावर ओघळत होती. शेजारचा पचापचा जेवत होता. याचा घसा नुसता खालीवर होत होता.

एवढ्यात वाढणारी गीताबाई टोपलं आणि बादली घेऊन आली. तिनं सवयीनं वाकून सहदेवचं ताट उचललं, भाकरी टोपल्यात टाकली, वरण बादलीत ओतलं आणि पुढं निघाली. सहदेवची मान ताटाबरोबर वळली आणि परत खाली गेली.

"अवो बाई, काऊन उचललं? जेवला नाही ना तो!" जनकाबाई ओरडलीच.

गीताबाई दचकली. "तुमी कोन?"

"बहीण हाव मी त्याची."

"मंग तुमाले ठाव असंन," गीताबाई म्हणाली. ती बाई दुष्ट नव्हती, दमलेली होती. "लय नखरे हायेत या वडनेरवाल्याचे. आमी ठेवतो ताट. खाल्लं तं खाल्लं. चाळीस ताटं हायेत आन हात दोन. सकाळी चहा-पाव हातात देतो, तो घेते. भाकरीले हात लावत नाही. गोडाचा सोकावला हाये. गुरुवारी पाहा, भक्त लोकं येऊन आपल्या हातानं वाढतात, तवा कसा हाणते बुंदी न् पुरी! गुरुवारी जेवणारा म्हणतो आमी त्याले."

"गुरुवारी..." जनकाबाईनं टोपल्याकडे पाहिलं. "गुरुवारी वाढणारे काय म्हणतात त्याले?"

"काय म्हणतीन? घ्या महाराज, घ्या. असंच."

जनकाबाई खाली बसली.

लहानपणी सहदेव ताटावर तुटून पडायचा. एकदा गरम पिठल्यानं त्याचं तोंड भाजलं. एकदा घास घशात अडकून त्यानं डोळे पांढरे केले. तेव्हा तानाबाईनं नेम घातला. ताट वाढायचं, निवू द्यायचं, आणि मग म्हणायचं, घे सहदेवा. तोवर हात मांडीवर. हा नेम अंगवळणी पडायला दोन वर्षं लागली होती, आणि एकदा पडल्यावर त्याची कोणाला आठवणही राहिली नव्हती. जनकाबाईच्या घरात तर ताट ठेवता ठेवता जो तो ते म्हणायचा. ती सवय आहे, हेच ती विसरली होती. पंगतीतलं त्याचं ते कौतुकाचं गुमान बसणं म्हणजे दुसरं काही नव्हतं, पाठीमागून आईचा आवाज येईपर्यंतची ती वाट होती. आणि इथं अडीच महिने तो तशीच वाट पाहत बसला. आठवड्यातले सहा दिवस, दोन्ही वेळा.

तिनं टोपल्यातली वरचीच एक भाकरी ओढून काढली, सहदेवसमोर फरशीवरच ठेवली आणि म्हणाली, "घे सहदेवा."

त्यानं आधी तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी भाकरी धरली. अर्धी संपली तेव्हा कुठं त्यानं मान वर केली आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "जनका."

गीताबाईच्या हातातली बादली खाली टेकली. "अवं माय," ती पुटपुटली. "मले कोनी सांगतलं नाही वं. एका शब्दानं सांगतलं असतं तं..." ती तोंडाला पदर लावून तशीच उभी राहिली. खिडकीबाहेर आश्रमाची म्हैस बांधलेली होती. टोपलं आणि बादली रोज तिच्यापुढं रिकामी व्हायची. जनकाबाईला तिची तुकतुकीत पाठ दिसली.

आवाज ऐकून उकंडराव आले. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मी विचारलं होतं तुमाले बाई. सवयी काही हायेत का म्हनून."

"हाव. विचारलं होतं," जनकाबाई म्हणाली. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. "माहं चुकलं. मी भेली होती. पण साहेब, एक माणूस अडीच महिने ताटापुढं लाळ गाळून राह्यला, तुमच्यातल्या एकाले तरी वाटलं का, की हा काऊन जेवत नाही, जरा पाहाव?"

तिनं पिशवीतला सदरा बाहेर काढला.

"आजच नेते मी त्याले."

"पुंजाजींची सही लागंन."

"सही त्याईची होती, भाऊ माहा हाये. या वडनेरले, पाहिजे तेवढ्या सह्या देते."

तिनं सहदेवच्या अंगात नवा सदरा घातला. तो खांद्यावरून घसरत होता. पुंजाजी काय म्हणेल, थोरलीचं कसं होईल, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, पण तिथं थांबलं नाही. पाहुण्यांपुढं याला ओसरीवरच बसवीन, ज्याला चहा गोड लागायचा त्याला लागेल, असं तिनं तिथंच ठरवलं.

सहदेवचा हात धरून ती दाराशी आली आणि थबकली. ओळीच्या शेवटी एक म्हातारा बसला होता. त्याचंही ताट अख्खंच्या अख्खं होतं.

"हा?" तिनं विचारलं.

"मलकापूरवाला," गीताबाई हळूच म्हणाली. "तोही... तसाच हाये. सकाळचा चहा-पाव तेवढा घेते."

"नाव काय त्याचं?"

गीताबाईला नाव माहीत नव्हतं. उकंडराव म्हणाले, रजिस्टर पाहावं लागेल. किती वर्षांपासून आहे असं विचारलं तर म्हणाले, चार. घरचं कोणी आहे का, तर म्हणाले, आई होती, ती गेली.

जनकाबाई त्या म्हाताऱ्यापुढं उकिडवी बसली. "घे बापा," ती म्हणाली. तो हलला नाही. "जेव," ती म्हणाली. "खा. घ्या महाराज. बस, सुरू कर." गीताबाईही शेजारी येऊन बसली आणि तिला सुचेल ते म्हणू लागली. म्हातारा दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं, आशेनं पाहत होता. फाटकावरून गुलजारनं आवाज दिला की एसटी आली. सहदेवनं पुढं होऊन आपल्या मुठीतला भाकरीचा उरलेला तुकडा म्हाताऱ्याच्या ताटात ठेवला. म्हाताऱ्यानं त्यालाही हात लावला नाही.